निवेदनाआधीचे काम

शहराची हद्द जिथे संपते तिथे शहराची बस थांबते. पुढच्या भागात जाणारी दुसऱ्या संस्थेची बस त्याच थांब्यावरून सुटते, परंतु पहिली बस पोहोचण्याच्या चार मिनिटे आधी. दोन्ही वेळापत्रके वेगवेगळी तपासली तर कुणाचीही चूक सापडत नाही. प्रत्येक संस्थेने आपापल्या हद्दीतले काम चोख केलेले असते आणि तरीही प्रवासी तासभर ताटकळतो. प्रादेशिक वाहतुकीचे पुष्कळसे प्रश्न या जातीचे असतात. रस्ता एका खात्याचा, रूळ दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची, स्थानकाबाहेरचा पदपथ चौथ्याचा, आणि या सगळ्यांसाठीचा निधी मंजूर होतो तो पाचव्याच कार्यालयात. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर पुढची खिडकी दाखवली जाते, आणि ती दाखवणारा प्रत्येक जण नियमाने बरोबरच असतो.

या कुणाच्याच नसलेल्या जागेत काम करतात ते बहुधा स्वयंसेवक. एखाद्या रेल्वेमार्गाची प्रवासी संघटना, सायकलस्वारांचा गट, अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी झटणारी मंडळी, महामार्गालगतच्या रहिवाशांची समिती, शाळेच्या वाटेवरच्या वाहनांची धास्ती घेतलेले पालक, अशी ही माणसे नोकरीधंदा सांभाळून निवेदने लिहितात, जाडजूड अहवाल वाचतात आणि लांबलेल्या बैठकांना बसतात. त्यांच्याविषयी बोलताना दोनच सूर लागतात. एक निःस्वार्थ सेवेच्या कौतुकाचा आणि दुसरा, यांना दुसरे काम नाही, असा. दोन्ही सूर मूळ प्रश्नाला बगल देतात. अशा लोकांमुळे धोरण खरोखर बदलते का, आणि बदलते तेव्हा कशामुळे? माझे म्हणणे असे की ते बदलते, पण ज्यामुळे बदलते ते बाहेरून फारसे दिसत नाही. मोर्चा, स्वाक्षऱ्या, शिष्टमंडळ, पत्रकार परिषद हे दिसते. निवेदन अधिकाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी वेगवेगळ्या गटांनी एकत्र बसून काय मोजले, कोणती प्रक्रिया समजून घेतली आणि कोणत्या मागण्यांवर स्वतःहून पाणी सोडले हे दिसत नाही. आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच लागलेला असतो.

प्रादेशिक धोरण तयार होण्याचा क्रम जवळपास सगळीकडे सारखा असतो. आधी वीस-पंचवीस वर्षांचा आराखडा होतो आणि त्यात लोकसंख्या कुठे वाढेल, रोजगार कुठे येतील, याविषयीची गृहीतके ठरतात. त्या गृहीतकांतून प्रकल्पांची यादी निघते. यादीची खर्च आणि लाभ यांच्या कसोटीवर छाननी होते, तगलेल्या प्रकल्पांना निधीच्या चौकटीत बसवले जाते, आणि एक पसंतीचा पर्याय नकाशावर उमटला की मग नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. म्हणजे नागरिकाला पहिल्यांदा विचारले जाते तेव्हा रस्ता हवा की रेल्वे हा प्रश्न संपलेला असतो. रस्ता या बाजूने जावा की त्या, एवढाच उरलेला असतो. या टप्प्यावर जागी होणारी संघटना कितीही मोठी असली तरी ती सुटलेल्या गाडीमागे धावत असते.

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथले मुख्य रेल्वेस्थानक जमिनीखाली नेण्याची योजना १९९४ मध्ये जाहीर झाली. विरोध पहिल्यापासून होता, पण बरीच वर्षे तो अभ्यासू मंडळींपुरता राहिला. या विषयावर शहरात मतदान घ्यावे म्हणून २००७ मध्ये ६०,००० हून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या, परंतु तोवर शहराने स्वतःला करारांनी बांधून घेतले होते आणि मागणी फेटाळली गेली. २००९ मध्ये निधीचा करार झाला, २०१० च्या आरंभी काम सुरू झाले, आणि जुन्या स्थानकाची एक बाजू पाडायला घेतल्यावर मात्र हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी मध्यस्थामार्फत झालेली चर्चा दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि तीत विरोधकांच्या बाजूच्या जाणकारांनी स्थानकाच्या क्षमतेवर आणि वेळापत्रकावर रेल्वेच्या तज्ज्ञांशी मुद्देसूद वाद घातला. नोव्हेंबर २०११ मध्ये संपूर्ण राज्याचे जनमत घेतले गेले तेव्हा ५८.९ टक्के मतदारांनी राज्याने निधीतून माघार घेऊ नये असा कौल दिला. खुद्द श्टुटगार्टमध्येही विरोधक अल्पमतात गेले. विरोधकांचे मुद्दे खोटे होते असे यातून सिद्ध होत नाही. पुढे खर्च करारातल्या आकड्याच्या दुपटीपलीकडे गेला आणि काम पुरे होण्याची तारीख पुन्हा पुन्हा लांबली. पण करार होऊन पैसा खर्च होऊ लागला की मतदारापुढचा प्रश्नच बदलतो. योजना चांगली की वाईट हे बाजूला पडते आणि आता माघार घेतली तर किती बुडेल, हे पुढे येते. ज्या चर्चेने २०१० मध्ये लाखो लोकांना टीव्हीपुढे खिळवले, ती १९९५ मध्ये एखाद्या सभागृहात झाली असती तर तिला प्रेक्षक मिळाले नसते, पण परिणाम कदाचित मिळाला असता.

याच्या उलट क्रमाने लढली गेलेली लढाई उत्तर इंग्लंडमधल्या सेटल ते कार्लाइल या सुमारे ११६ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची. मार्ग बंद करण्याची रीतसर नोटीस १९८३ च्या अखेरीस निघाली, पण मार्गाच्या हितचिंतकांची संघटना १९८१ मध्येच स्थापन झाली होती. गाड्या कमी होणे, देखभाल लांबणीवर पडणे या खुणा त्यांनी आधीच ओळखल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मार्ग बंद करण्याचा कायदा त्यांनी नीट वाचला. सुनावणीत विचार व्हायचा तो फक्त प्रवाशांना सोसाव्या लागणाऱ्या अडचणींचा. डोंगरातल्या मार्गाचे सौंदर्य, चोवीस कमानींच्या रिबलहेड पुलाचे स्थापत्य, इतिहासाचा अभिमान, यांतले काहीही तिथे ग्राह्य नव्हते. ज्या भावनेपोटी लोक एकत्र आले होते तिचा उच्चारही निरुपयोगी ठरणार, अशी ही विचित्र अवस्था. तरी २२,००० हून अधिक हरकती दाखल झाल्या, आणि त्यांतली एक पंजाच्या ठशासह एका कुत्र्याची होती. यावर हसू येते खरे, पण त्या कुत्र्याचे भाडे भरले जात असे, म्हणजे नियमाच्या भाषेत तोही प्रवासीच होता, आणि हा युक्तिवाद ज्यांना सुचला त्यांनी तो कायदा कुणा वकिलाहून कमी बारकाईने वाचलेला नव्हता. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने मार्ग बंद करण्यास नकार दिला. आज त्या मार्गावर गाड्या धावतात.

प्रक्रिया कळणे ही पहिली पायरी झाली. दुसरी, आणि माझ्या मते अधिक अवघड, पायरी आहे ती मोजपट्टी समजून घेण्याची. वाहतूक प्रकल्पाचा लाभ ठरवताना जगभर सर्वांत मोठा वाटा असतो तो वाचलेल्या वेळेचा. नव्या रस्त्यामुळे एका वाहनाची दोन मिनिटे वाचणार, दिवसाला इतकी वाहने, तासाचे मोल इतके, रस्त्याचे आयुर्मान इतक्या वर्षांचे, असा गुणाकार होतो आणि शेवटी डोळे दिपवणारी रक्कम उभी राहते. त्या दोन मिनिटांत कुणी काय केले हे विचारायचे नसते. या पद्धतीत जो आधीपासून वेगाने आणि पुष्कळ प्रवास करतो त्याच्या मिनिटांची बेरीज मोठी होते, आणि ज्या भागात बसच नाही तिथला माणूस हिशेबात येतच नाही, कारण तो प्रवास करत नसतो. नोकरी नाकारणारी बाई, दवाखान्याची तारीख चुकवणारा म्हातारा, महाविद्यालय सोडणारी मुलगी ही कोणत्याही नाक्यावरच्या वाहनगणनेत सापडत नाहीत. रिकाम्या थांब्यावर उभे राहून मोजणी केली तर शून्यच मिळणार, आणि ते शून्य मागणी नसल्याचा पुरावा म्हणून अहवालात जाते.

बससेवेत याचेच एक दुष्टचक्र होते. मार्ग तोट्यात आहे म्हणून फेऱ्या कमी केल्या जातात. फेऱ्या कमी झाल्या की बसवर भरवसा ठेवून कुणी घराबाहेर पडत नाही. भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, आणखी घसरते, आणि पुढच्या आढाव्यात उरलेल्या फेऱ्याही जातात. प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळच्या आकड्यांवर उभा असतो, म्हणून एकेका निर्णयाविरुद्ध निवेदन देऊन काही साधत नाही. दहा वर्षांची वेळापत्रके जपून ठेवणारा आणि ती शेजारी शेजारी मांडून दाखवणारा कुणी असेल तरच चक्र चक्र म्हणून दिसते, आणि हे काम बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातून सहसा होत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत याची दुसरी बाजू दिसते. गर्दी हटवण्यासाठी बांधलेला रस्ता स्वतःच नवी गर्दी ओढून आणतो, हे सामान्य नागरिक आणि संघटना वर्षानुवर्षे सांगत होत्या. अधिकृत आकडेमोडीत मात्र वाहनांची संख्या रस्ता बांधला तरी आणि न बांधला तरी तेवढीच, असे धरले जाई. ब्रिटनमध्ये महामार्गांच्या मूल्यमापनावर सल्ला देणाऱ्या सरकारी समितीनेच १९९४ मध्ये मान्य केले की नवे रस्ते नवी वाहतूक निर्माण करतात आणि ती न धरल्याने काही प्रकल्पांचे लाभ फुगवले जातात. गृहीतक बदलले की यादीतल्या कित्येक प्रकल्पांचा क्रम एकदम बदलतो. एका रस्त्याविरुद्ध दहा मोर्चे काढण्यापेक्षा त्या सगळ्या रस्त्यांचे लाभ ज्या तक्त्यातून निघतात, त्यातले एक गृहीतक जाहीरपणे तपासून घेणे अधिक दूरवर पोहोचते. मात्र ते कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र निघत नाही आणि त्यासाठी एका गावाचा गट पुरत नाही.

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील सीमाभागातून एडिनबरोला जाणारा रेल्वेमार्ग १९६९ मध्ये बंद झाला. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून १९९९ मध्ये स्थानिक लोकांनी संघटना उभारली. २००६ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मार्गाचा उत्तरेकडील भाग पुन्हा सुरू झाला. स्टो नावाच्या छोट्या गावाला सुरुवातीच्या आराखड्यात स्थानकच नव्हते. लोकांनी ते लावून धरले म्हणून मिळाले. गाड्या सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच स्टो, गॅलाशील्स आणि ट्वीडबँक या दूरच्या स्थानकांवरील प्रवासी संख्या अख्ख्या वर्षाच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली, तर एडिनबरोजवळच्या काही स्थानकांवर अंदाज गाठला गेला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. प्रवासी संख्येचा अंदाज बांधणारे गणिती प्रतिमान दोन्ही दिशांनी चुकले, आणि ते जिथे सर्वांत जास्त चुकले ती ठिकाणे नेमकी अशी होती की जवळपास पन्नास वर्षे रेल्वे नसल्यामुळे तिथल्या गरजेचा कोणताही आकडा उपलब्धच नव्हता. तिथल्या लोकांना ती गरज माहीत होती. माहीत असणे आणि दाखवून देता येणे यांत जे अंतर आहे, ते ओलांडणे हे संघटनेचे काम.

यासाठी स्वतः मोजावे लागते, आणि प्रामाणिकपणे मोजावे लागते. आठवड्यातल्या सातही दिवशी, पावसात आणि सुटीत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नमुन्यात. किती गाड्या आल्या, किती उशिरा आल्या, किती माणसे चढू न शकल्यामुळे मागे राहिली. निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तरी तो प्रसिद्ध करावा लागतो. ज्या संघटनेने एकदा तरी स्वतःच्या मागणीला न जुळणारा आकडा जाहीर केला आहे, तिच्या पुढच्या आकड्यावर अधिकारी सहसा शंका घेत नाही. नेदरलँड्समधील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेचा मार्गदर्शक नकाशा गेली कित्येक वर्षे स्वयंसेवक आपापल्या भागातल्या वाटांची नोंद करून अद्ययावत ठेवत आले आहेत. अशी माहिती ज्याच्याकडे असते त्याच्याकडे विनंती घेऊन सरकारला यावे लागते.

आता एकत्र येण्याविषयी. स्थानिक गटांचा महासंघ करणे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात ती आवळ्याची मोट असते. रेल्वे प्रवाशांना जलद गाडी हवी असते आणि मधल्या गावाला थांबा. प्रत्येक थांब्याला वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे मिळून दोनेक मिनिटे जातात; सहा थांब्यांची बारा मिनिटे झाली की टोकाच्या शहरात मिळणारी जोडगाडी हुकते आणि जलद गाडीचा अर्थच संपतो. सायकलस्वारांना हवी असलेली रस्त्याची कड बसच्या राखीव मार्गिकेलाही हवी असते. अंध व्यक्तीला पदपथाची कड काठीला लागणे गरजेचे, तर चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला ती कड नसलेली बरी. हे कुणाच्या हट्टाचे किंवा अज्ञानाचे प्रश्न नाहीत. जागा, वेळ आणि पैसा यांना मर्यादा आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

या भांडणांपासून सुटका करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे सर्वांना मान्य होईल इतके गुळगुळीत निवेदन लिहिणे. सर्वसमावेशक, सुरक्षित, परवडणारी आणि पर्यावरणपूरक वाहतूक व्हावी, असे त्यात म्हटलेले असते. याला नाही म्हणणारा मंत्री अजून जन्मायचा आहे. तो ते निवेदन हसतमुखाने स्वीकारतो, छायाचित्र निघते, आणि काहीही करण्याचे बंधन त्याच्यावर पडत नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक गटाची मागणी एकाखाली एक लिहिणे. चाळीस मागण्यांची यादी मिळाली की त्यांतली सर्वांत स्वस्त कोणती हे कार्यालय निवडते, ती पुरी करते, आणि चाळीस गटांपैकी एक समाधानी तर एकोणचाळीस एकमेकांवर रुष्ट अशी स्थिती होते. फोडा आणि झोडा असे म्हणून सरकारवर राग काढता येतो, परंतु फुटण्याची रेघ आपणच आखून दिलेली असते.

म्हणून महासंघाचे खरे काम क्रम लावण्याचे आहे. पुढच्या अर्थसंकल्पात एकच गोष्ट मिळणार असेल तर कोणती, दोन मिळणार असतील तर दुसरी कोणती, आणि ज्या गावाची मागणी पाचव्या क्रमांकावर गेली त्या गावाच्या गटाने पहिल्या मागणीच्या निवेदनावर सही का करावी? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर असेल तरच महासंघ टिकतो. उत्तर बहुधा विश्वासाचे असते, आणि विश्वासाला लेखी आधार लागतो: पहिली मागणी पुरी झाली की पुढची रांग कशी सरकेल हे इतिवृत्तात नोंदलेले असावे लागते, अध्यक्ष बदलला तरी ते बदलता कामा नये. मधल्या गावाने थांबा सोडायचा असेल तर त्याबदल्यात जलद गाडीला जुळणारी बस त्या गावातून सुटेल, ही मागणी जलद गाडीच्याच निवेदनात, त्याच परिच्छेदात असली पाहिजे. असा तह आपापसांत झालेला असला की समोरच्या कार्यालयाचे अर्धे काम झालेले असते, कारण त्या कार्यालयालाही हाच तिढा सोडवायचा असतो आणि तो सोडवण्याचा अधिकार त्यातल्या कुठल्याच एका खात्याला नसतो.

बर्लिनमधल्या सायकल चळवळीने २०१६ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. मागण्यांची यादी देण्याऐवजी स्वयंसेवकांनी कायद्याचा मसुदाच लिहून काढला. जनमताच्या पहिल्या टप्प्यासाठी २०,००० स्वाक्षऱ्या पुरेशा होत्या. साडेतीन आठवड्यांत एक लाखाहून अधिक जमल्या. संख्येचा दबाव होताच, पण समोर कलमवार मजकूर असल्यामुळे, तुमची भावना आम्हाला समजते, असे म्हणून वाटाघाटी संपवता येत नव्हत्या. पुढे चर्चेत सार्वजनिक वाहतुकीचे पुरस्कर्ते आणि इतर संघटनाही आल्या, आणि जून २०१८ मध्ये जो कायदा संमत झाला तो केवळ सायकलींचा न राहता एकूण प्रवाससुविधेचा झाला. पादचाऱ्यांसाठीचा भाग त्यात २०२१ मध्ये जोडला गेला. त्याची अंमलबजावणी संथ आहे ही तिथल्या संघटनांची तक्रार आजही आहे. ती रास्त आहे, पण तक्रारीला आता कलमाचा आधार आहे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या लोकांना निवडून कुणी दिले? निवडणूक लढवून आलेल्या प्रतिनिधींच्या धोरणात वेळ मोकळा असलेल्या, शिकलेल्या, बहुधा निवृत्त आणि बहुधा पुरुष असलेल्या मंडळींनी ढवळाढवळ का करावी? कोणत्याही प्रादेशिक महासंघाच्या बैठकीत नजर फिरवली तर या वर्णनाला पूर्ण खोटे ठरवणे कठीण जाते. रात्रपाळीची कामगार स्त्री त्या बैठकीला नसते. बैठक संध्याकाळी सातला, शहराच्या मध्यभागी, आणि तिच्या वस्तीची शेवटची बस साडेआठला. बसफेऱ्या वाढवण्यासाठी भरलेली बैठक बसने येणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत बसू देत नाही, हा प्रकार मी विनोद म्हणून सांगत नाही.

यावर उत्तर एकच, आणि ते लॉस एंजेलिसमधील बसप्रवाशांच्या संघटनेने दिले. तिथल्या परिवहन प्राधिकरणाने १९९४ मध्ये बसचे भाडे वाढवण्याचा आणि मासिक पास बंद करण्याचा निर्णय घेतला, त्याच वेळी रेल्वे प्रकल्पांवर प्रचंड खर्च चालू होता. संघटनेचे कार्यकर्ते बसमध्ये चढून, धावत्या बसमध्येच लोकांशी बोलत आणि सभासद करून घेत. सभा इंग्रजी, स्पॅनिश आणि कोरियन भाषांतून चालत. गरीब आणि वर्णभेद सोसलेल्या प्रवाशांवर अन्याय होतो, या मुद्द्यावर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली ही संघटना न्यायालयात गेली आणि १९९६ मध्ये दहा वर्षांचा समझोता झाला. त्यात बसमध्ये उभ्या राहणाऱ्या प्रवाशांची सरासरी टप्प्याटप्प्याने १५ वरून ८ वर आणण्याचे बंधन होते. मला हा आकडा फार बोलका वाटतो. अभियंत्याच्या टेबलावर बसून असे माप सुचणे अवघड. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्यांचा त्या वाटाघाटींवर जोर होता, याची ती खूण आहे. प्रतिनिधित्वाचा प्रश्न मतपेटीने जितका सुटतो तितकाच सभा कुठे आणि कोणत्या भाषेत घेतली यानेही सुटतो.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग अधिक टोचणारा आहे. हीच हत्यारे चांगली कामे अडवण्यासाठीही वापरली जातात. नियमांचा अभ्यास, हरकतींचा ढीग, न्यायालयीन दिरंगाई ही साधने ट्रामचा मार्ग आपल्या दारावरून जाऊ नये म्हणून झटणाऱ्या रहिवाशांनाही तितकीच उपलब्ध असतात, आणि त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसेही बहुधा जास्त असतात. नुकसान एका गल्लीत एकवटते आणि लाभ सगळ्या प्रदेशात विखुरतो, म्हणून अडवणाऱ्यांची संघटना लवकर होते आणि लाभ होणाऱ्यांची होतच नाही. प्रादेशिक महासंघाची गरज मला इथेच सर्वांत तीव्र वाटते. त्यात ट्रामच्या दारच्या रहिवाशाला दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या, रोज दोन बस बदलणाऱ्या माणसासमोर बसून आपले म्हणणे मांडावे लागते. झुरिकमध्ये १९७३ साली मतदारांनी भुयारी रेल्वेची योजना नाकारली. तेवढ्यावर थांबले असते तर तो निव्वळ नकार ठरला असता. पण १९७७ मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने आलेला प्रस्ताव मंजूर झाला आणि ट्राम व बसला रस्त्यावर अग्रक्रम देण्यासाठी २० कोटी फ्रँक बाजूला काढले गेले. काय नको हे सांगून चार वर्षांत काय हवे हेही सांगणारे लोक विरळा.

अधिकाऱ्यांशी नाते कसे असावे यावर संघटनांमध्ये नेहमी वाद होतात. सेटल-कार्लाइल मार्ग बंद करण्याची व्यवस्था पाहण्यासाठी रेल्वेने ज्या व्यवस्थापकाला नेमले होते, त्यानेच गाड्या वाढवल्या, स्वस्त तिकिटे काढली आणि प्रवासी संख्या अनेक पटींनी वाढली. जो मार्ग मोडीत काढायचा तो चालवून दाखवला. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी रेल्वेतल्याच काही तरुण अभियंत्यांच्या अनौपचारिक गटाने ठरावीक अंतराने सुटणाऱ्या आणि एकमेकींना जुळणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक मांडले, ते १९८२ मध्ये देशभर लागू झाले. कार्यालयात असा एखादा माणूस असतोच, आणि त्याला बाहेरच्या संघटनेच्या नीट मांडलेल्या कागदाची गरज असते, कारण स्वतःच्या नावाने तो मुद्दा त्याला वरिष्ठांपुढे ठेवता येत नाही. हे ओळखणारी संघटना सरसकट शिव्या देत नाही. मात्र सल्लागार समितीवर खुर्ची मिळाली की कागद लिहिणे थांबते, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे. चहापानाच्या बैठकीत सांगितलेला मुद्दा इतिवृत्तात येत नाही आणि जो इतिवृत्तात नाही तो मांडलाच नाही असे धरले जाते.

रस्त्यावर उतरण्याला मी कमी लेखतो असा अर्थ कुणी काढू नये. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मुलांचे हे बळी थांबवा, असे म्हणत पालक रस्ते अडवून बसले नसते तर आकडेमोडीच्या कोणत्याही तक्त्याने तो देश बदलला नसता. पण त्या आंदोलनाला १९७३ च्या तेलसंकटाची साथ मिळाली, १९७५ मध्ये सायकलस्वारांची संघटना उभी राहिली, आणि वाहनांनी पायी चालण्याच्या वेगाने जावे अशा निवासी रस्त्यांना १९७६ मध्ये कायद्यात स्थान मिळाले. संतापाने दार उघडले तेव्हा आत नेण्यासाठी हातात रस्त्याचा आराखडा तयार होता.

आणि मिळालेले राखण्याचे काम उरतेच. लॉस एंजेलिसच्या समझोत्याची मुदत २००६ मध्ये संपली आणि न्यायालयाने ती वाढवण्यास नकार दिला. २००७ मध्ये प्राधिकरणाने भाडेवाढ मंजूर केली. दहा वर्षांत नव्या बस आल्या होत्या, गर्दी कमी झाली होती, आणि मुदत संपताच उभ्या प्रवाशांची सरासरी किती असावी हे कुणालाही बंधनकारक राहिले नाही. त्यानंतर ती मोजायची असेल तर थांब्यावर वही घेऊन पुन्हा कुणाला तरी उभे राहावे लागणार होते.